तीन मिनिटांचा गुरू

माझ्या हाताखाली खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी सध्या ज्या स्ट्रायकरचं नाव सगळ्यात जास्त असतं, तो कुठल्याही खऱ्या मैदानावर कधी उतरलेला नाही. नोएल नोआ त्याचं नाव. ‘ब्लू लॉक’ या जपानी मांगातला, म्हणजे चित्रकथेतला, तो जगातला सर्वोत्तम स्ट्रायकर. देश फ्रान्स, क्लब जर्मनीतला. बोलणं मोजकं, चेहऱ्यावर हसू जवळजवळ नाहीच, दोन्ही पाय सारखेच तयार. मी कोल्हापुरात क्रीडाशिक्षक आहे. तरुणपणी पेठेच्या संघातून नऊ नंबरची जर्सी घालून शाहू स्टेडियमवर खेळलो आहे. पोरांनी आग्रहाने वाचायला दिलेली ही मालिका मी संपवत गेलो, तसं एक मत माझ्या मनात पक्कं होत गेलं. मोठा खेळाडू आणि शिकणारं पोर यांच्यात आपल्याकडे फक्त भक्तीचं नातं आहे, आणि त्यातून स्ट्रायकर घडत नाहीत. नोआ जे करतो ते आपल्या मोठ्या खेळाडूंनी, संघांनी आणि सरकारने करायला हवं.

ज्यांच्या घरात हे पुस्तक अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 2 जुलै 2018 रोजी रशियातल्या रोस्तोवमध्ये विश्वचषकाच्या बाद फेरीत जपान बेल्जियमविरुद्ध 2-0 ने पुढे होता. तो सामना जपानने 3-2 असा गमावला. शेवटचा गोल इंज्युरी टाइममध्ये, जपानच्याच कॉर्नरनंतर बेल्जियमने काही सेकंदांत केलेल्या प्रतिहल्ल्यातून झाला. महिनाभराने, ऑगस्ट 2018 मध्ये, ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये ‘ब्लू लॉक’ सुरू झालं. लेखन मुनेयुकी कानेशिरो यांचं, चित्रं युसुके नोमुरा यांची. कथाही त्याच जखमेपासून सुरू होते. जपानचा खेळ शिस्तीचा आहे, पासेस नेटके आहेत, मग कमी काय आहे? गोल मारण्याची भूक असलेला माणूस. तो तयार करण्यासाठी एगो जिनपाची नावाचा विक्षिप्त प्रशिक्षक 18 वर्षांखालचे 300 फॉरवर्ड एका इमारतीत कोंडतो आणि त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवत गळती लावतो.

कथेचा नायक इसागी योईची. सैतामा प्रांताच्या शालेय अंतिम सामन्यात त्याचा संघ एका गोलने मागे आहे. शेवटच्या क्षणी चेंडू इसागीच्या पायात, समोर फक्त गोलकीपर. तो मारत नाही, मोकळ्या असलेल्या मित्राला पास देतो. मित्राचा फटका खांबावर आदळतो, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पळतात आणि दुसरा गोल करतात. आपण मारला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न इसागीला सोडत नाही. कोल्हापुरात सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळलेल्या कुठल्याही माणसाला हे पान वाचताना कसंतरी होईल. डीच्या तोंडाशी चेंडू आला की गॅलरीतून एकाच वेळी ‘मार’ आणि ‘पास दे’ अशा दोन्ही आरोळ्या येतात. त्या गलक्यात निर्णय कसा घ्यायचा हे फार थोड्या पोरांना कुणी शिकवलेलं असतं. ज्याला शिकवलेलं नसतं तो सुरक्षित मार्ग धरतो. पास दिला की चूक दुसऱ्याच्या नावावर जाते.

इसागीचा आदर्श म्हणजे नोआ. पुढे कथेत अशी स्पर्धा भरते, की युरोपातल्या पाच देशांचे क्लब आपापले तरुण खेळाडू घेऊन येतात आणि ब्लू लॉकमधला प्रत्येक मुलगा त्यातला एक क्लब निवडतो. प्रत्येक क्लबचा मार्गदर्शक हा त्या क्लबचा जागतिक दर्जाचा स्ट्रायकर. इंग्लंडचा क्रिस प्रिन्स शरीर घडवण्यावर भर देतो, स्पेनच्या क्लबचा लाविन्हो कल्पकतेवर, इटलीचा मार्क स्नफी डावपेचांवर. फ्रान्सचा जूलियन लोकी तर स्वतःच अजून विशीत पोचलेला नाही. इसागी जर्मनीच्या ‘बास्टार्ड म्युन्शेन’मध्ये जातो, कारण तिथे नोआ आहे. नियम असा, की जो संघ आधी तीन गोल करील तो जिंकला, आणि सामन्यात मार्गदर्शकाला स्वतः मैदानात उतरता येतं, पण फक्त तीन मिनिटं.

आता नोआ शिकवतो कसा, ते पाहा. पहिल्याच सामन्यात तो इसागीला बाहेर बसवतो. ज्या मुलाने जपानच्या 20 वर्षांखालच्या संघाविरुद्ध निर्णायक गोल मारला, ज्याचं नाव देशभर झालं, तो राखीव खेळाडूंत. कारण सरावात मोजलेले आकडे. वेग, ताकद, चपळाई, फटका या मोजमापांत इसागी कमी पडतो, आणि नोआ ते त्याच्यापासून लपवत नाही. भावना दुखावतील म्हणून गोड बोलणं नाही, की अपमान करून धडा शिकवणंही नाही. मोजपट्टी सगळ्यांना दिसते आहे, तुझा आकडा इथे आहे, पहिल्या अकरात यायचं तर तो तिथे न्यावा लागेल. त्याच संघात मिखाएल कायझर नावाचा जर्मनीतला तरुण तारा आहे आणि सुरुवातीचा सगळा खेळ त्याच्याभोवती रचलेला आहे. नोआची निष्ठा मात्र कायझरशी नाही. उपयोग सिद्ध कर, मग तुझ्याभोवती रचना होईल, एवढंच त्याचं म्हणणं. इसागी ते सिद्ध करायला लागतो तसा संघात दुसरा केंद्रबिंदू तयार होतो आणि नोआ त्याला जागा करून देतो.

मग ती तीन मिनिटं. कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तालमीतला जाणता वस्ताद काठावर बसून नुसत्या सूचना देत नाही. वेळ आली की तो लंगोट लावून लाल मातीत उतरतो, पोराला डाव अंगावर घ्यायला लावतो, आणि पोराच्या शरीराला कळतं की हे असं असतं. नोआचं मैदानात उतरणं तसंच आहे. तो उतरतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवत नाहीत, त्याच्या हालचाली मोजतात. चेंडू येण्याआधी तो कुठे पाहत होता, बचावपटूच्या नजरेआड कसा गेला, डाव्या पायावर आलेला चेंडू उजव्यावर घेण्यात त्याने वेळ का घालवला नाही. इसागी पुढे दोन्ही पायांनी फटका मारायला शिकतो तो या निरीक्षणातून. जगातला सर्वोत्तम माणूस इथे दर्शनाला ठेवलेली मूर्ती राहत नाही. त्याची कला सुटी सुटी होऊन पोरांच्या हातात येते.

नोआबद्दल मला सगळ्यात मोठी वाटते ती आणखी एक बाब. इसागीला नोआसारखं व्हायचं नाही, नोआला मागे टाकायचं आहे, आणि हे नोआला मान्य आहे. उलट त्याच्या शिकवण्याचा पायाच तो आहे. ‘माझ्या काळात’ हे पालुपद त्याच्या तोंडी नाही, कारण त्याचा काळ अजून चालू आहे. शिकवणारा स्वतः खेळत असताना शिकणाऱ्याला आपली जागा घेण्याचं आव्हान देतो, हे आपल्या खेळात मी फार कमी पाहिलं आहे.

तरीही नोआ एकटा पुरा पडत नाही, आणि हे त्या कथाकारांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी मार्क स्नफी उभा केला आहे. इटलीच्या क्लबचा हा मुरलेला स्ट्रायकर कारकिर्दीच्या उतारावर आहे. फुटबॉलमध्ये टिकू न शकलेला एक जिवलग मित्र त्याने गमावला आहे. म्हणून हाताखालच्या पोरांनी निव्वळ प्रतिभेच्या भरवशावर आयुष्य उधळू नये, ही तळमळ त्याच्या प्रत्येक डावपेचात आहे. बारो शोएई हा त्याच्याकडे आलेला हट्टी, स्वतःला राजा समजणारा स्ट्रायकर. स्नफी त्याला आधी रचनेत बसायला शिकवतो आणि मग त्या रचनेच्या पलीकडे जाऊ देतो. नोआकडून न्याय शिकावा आणि स्नफीकडून जिव्हाळा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना दोन्ही लागतं. पण क्रम लावायचाच झाला तर मी न्याय आधी ठेवीन. जिव्हाळा आपल्याकडे भरपूर आहे, वशिल्याचाही जिव्हाळा आहे. उघड मोजपट्टी मात्र कुठेच नाही.

जपानने असा गुरू पहिल्यांदा कागदावर आणला असं नाही. योईची ताकाहाशी यांचं ‘कॅप्टन त्सुबासा’ 1981 मध्ये सुरू झालं. त्यात रोबेर्तो होंगो होता, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला स्ट्रायकर. डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याने त्याचा खेळ संपलेला असतो. तो जपानला येतो, लहानग्या त्सुबासाच्या घरी राहतो, त्याला ब्राझीलला न्यायचं वचन देतो आणि एक दिवस एक वही मागे ठेवून एकटाच निघून जातो. त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती, देश विश्वचषकाला कधी पात्र ठरलेला नव्हता. गुरू दूरदेशीचा असणार, त्याचं स्वतःचं स्वप्न मोडलेलं असणार आणि तो वही देऊन निघून जाणार, यापलीकडची कल्पना करणं तेव्हा अवघड होतं. 37 वर्षांनंतर आलेला नोआ मात्र खेळता गुरू आहे आणि जपानी मुलगा त्याच्यासमोर मैदानात उभा आहे. या दोन पात्रांमधलं अंतर हा जपानी फुटबॉलचाच इतिहास आहे.

हा इतिहास खऱ्या माणसांनी घडवला. जर्मनीचे डेटमार क्रामर 1960 मध्ये जपानला आले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकची तयारी हे त्यांचं काम होतं, पण त्यांनी त्यापुढचं पाहिलं आणि देशाला नियमित लीग हवी असा आग्रह धरला. 1965 मध्ये जपान सॉकर लीग सुरू झाली. कुनिशिगे कामामोतो हा तरुण स्ट्रायकर 1968 च्या सुरुवातीला सरावासाठी पश्चिम जर्मनीला गेला. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक जिंकलं. यजमान मेक्सिकोविरुद्धच्या त्या सामन्यातले दोन्ही गोल कामामोतोचे. स्पर्धेत सर्वाधिक 7 गोलही त्याचेच. पुढे हेच क्रामर बायर्न म्युनिकचे प्रशिक्षक झाले आणि 1975 व 1976 मध्ये त्यांनी युरोपियन कप जिंकला. कथेतला इसागी जर्मन क्लबकडे वळतो, त्यामागे अर्ध्या शतकाची ही वाट आहे.

दुसरं नाव झिकोचं. ब्राझीलसाठी 1978, 1982 आणि 1986 असे तीन विश्वचषक खेळलेला, फ्लामेंगोसाठी गोलांची रास लावलेला हा दहा नंबर 1991 मध्ये सुमितोमो मेटल्स या कारखान्याच्या संघात आला. संघ दुसऱ्या श्रेणीत, गाव काशिमा, म्हणजे पोलाद कारखान्याचं छोटं शहर. त्याच संघाचा काशिमा अँटलर्स झाला. 16 मे 1993 रोजी नव्या जे-लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात काशिमाने नागोयाला 5-0 असं हरवलं. त्यात चाळिशीत पोचलेल्या झिकोने तीन गोल मारले. ही झाली त्याची तीन मिनिटं. पण झिको त्यावर थांबला नाही. 1994 मध्ये खेळणं थांबवल्यावरही तो काशिमाशी जोडलेला राहिला आणि क्लबच्या तांत्रिक बाजूत लक्ष घालत राहिला. झोकून देणं, प्रामाणिकपणा आणि आदर ही त्याने घालून दिलेली तीन मूल्यं तो क्लब आजही जपतो. जे-लीगची सर्वाधिक विजेतेपदं काशिमाकडे आहेत. एका छोट्या गावाला हे मिळालं, कारण एक मोठा खेळाडू तिथे राहिला आणि त्याने आपलं मोठेपण इतरांच्या रोजच्या सवयींत उतरवलं.

हाच झिको आपल्या शेजारी गोव्यातही येऊन गेला. 2014 पासून तीन हंगाम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. पहिल्या हंगामात संघ उपांत्य फेरीत पोचला, 2015 मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना 3-2 असा हरला, 2016 मध्ये तळाला राहिला. रोमिओ फर्नांडिस हा गोव्याचा तरुण विंगर 2015 मध्ये ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्स क्लबकडे गेला, हे त्या काळाचं एक चांगलं फळ. पण इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएलचा हंगाम तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच असायचा. काशिमात ज्या माणसाने वर्षानुवर्षं रोज मैदान पाहिलं, त्याला गोव्यात वर्षातले काही आठवडे मिळाले. माणूस तोच होता. त्याला जोडून घेणारी व्यवस्था वेगळी होती, म्हणून फळ वेगळं आलं. ज्या गोव्याने देशाला इतके फुटबॉलपटू दिले, तिथे झिकोकडून घेता आलं असतं ते सगळं घ्यायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्लू लॉकमधला जपानचा प्रश्न आज शब्दशः आपला प्रश्न आहे. सुनील छेत्रीने 6 जून 2024 रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला. तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 आंतरराष्ट्रीय गोल होते. तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं, आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने पुन्हा गोल मारला. मला छेत्रीचा अभिमान आहे आणि त्याच वेळी ही बातमी वाचून छातीत धस्स झालं. एवढ्या मोठ्या देशाला दुसरा नऊ नंबर मिळत नाही. आयएसएलच्या 2014 ते 2024-25 या सगळ्या हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, कोरो, ओगबेचे, दियामांताकोस, अजाराई, सगळे परदेशी. 2024-25 मध्ये भारतीयांत सर्वाधिक 14 गोल कोणाचे? चाळीस वर्षांच्या छेत्रीचेच.

परदेशी स्ट्रायकरला दोष देऊन उपयोग नाही. क्लबला सामना जिंकायचा असतो, तो मधली जागा तयार माणसाला देतो आणि आपलं पोर विंगवर सरकतं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात फॉरवर्ड म्हणून खेळला. पुढे आयएसएलमध्ये तो बहुतेक विंगवरच दिसला. पेठेपेठेच्या ईर्षेवर चालणाऱ्या आमच्या स्थानिक फुटबॉलमध्येही काही संघ मोठ्या स्पर्धांसाठी परदेशी खेळाडू आणतात. आणायला माझी हरकत नाही. हरकत याला आहे, की त्या खेळाडूने आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या पेठेतल्या पोरांना डीमधल्या हालचाली शिकवाव्यात, असं त्याच्या कराराच्या वेळी कुणी म्हणत नाही. तो येतो, गोल मारतो, हार घालून घेतो, जातो. त्याच्याकडे जे होतं ते त्याच्याबरोबरच जातं.

डिसेंबर 2025 मध्ये लिओनेल मेस्सी भारतात आला. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर तो थोडाच वेळ थांबला. भोवती मान्यवरांचा गराडा पडला, गॅलरीतल्या लोकांना तो नीट दिसलाही नाही, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या मैदानात फेकल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर कार्यक्रम शिस्तीत पार पडला आणि छेत्रीला मेस्सीकडून जर्सी मिळाली, ते दृश्य हृद्य होतं. माझा मुद्दा गर्दीच्या व्यवस्थापनाचा नाही. जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू आपल्यासमोर आला तेव्हा त्याच्याकडून काय घ्यायचं हे आपण ठरवलेलंच नव्हतं. नोआची तीन मिनिटं पुरतात, कारण त्याआधी मोजमापं झालेली असतात, पोरांना आपलं नेमकं कमी काय आहे ते माहीत असतं आणि नंतर रोज सराव असतो. ती तयारी नसेल तर तीन मिनिटं काय आणि तीस मिनिटं काय, हाती लागतो तो फोटो.

मोजपट्टीचा प्रश्न मी जवळून पाहतो. माझी एक चौदा वर्षांची स्ट्रायकर, डावा पाय उत्तम, पहिल्या दहा पावलांचा वेग मुलांनाही जड जाणारा. एका निवड चाचणीत ती वगळली गेली. तिथे हजर मोठ्यांना तिने शांतपणे विचारलं, “सर, मी कशात कमी पडले?” उत्तर मिळालं, “पुढच्या वर्षी ये.” घरी येताना ती मला म्हणाली, “सर, नोआने कारण तरी सांगितलं असतं.” त्या पोरीला सहानुभूती नको होती. तिला माहिती हवी होती. वगळलेल्या प्रत्येक मुलाला कारण सांगणं हा खर्चाचा विषय नाही, इच्छेचा आहे. माझ्या शाळेत प्रत्येक फॉरवर्डचा तक्ता भिंतीवर असतो. दोन्ही पायांचे फटके, चेंडू नसताना केलेल्या धावा, पहिल्या स्पर्शावर चेंडू किती ताब्यात राहिला, हे सगळं त्यावर असतं. पोरं तो तक्ता पाहून आपापसांत वाद घालतात, आणि तो वाद ऐकायला मला आवडतो. कारण त्यात कोण कुणाच्या पेठेचा किंवा कुणाचा भाचा, हे येत नाही.

ब्लू लॉकवर घेतला जाणारा एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्या इमारतीतून जो बाहेर फेकला जातो त्याला राष्ट्रीय संघाचं दार कायमचं बंद, असा एगोचा नियम आहे. पालक मला विचारतात, असलं पुस्तक पोरांनी वाचावं का? माझं उत्तर असं, की वाचावं, आणि तो नियम नाकारून वाचावं. सोळा वर्षांच्या मुलाच्या भविष्यावर कुणी कायमची फुली मारू शकत नाही. उशिरा उमलणारे स्ट्रायकर या खेळात कितीतरी झाले आहेत. स्वार्थी व्हा, एवढाच अर्थ पोरांनी काढला तर तोही चुकीचा. इसागीची खरी ताकद स्वार्थात नाही, दुसऱ्याच्या आधी मैदान वाचण्यात आहे. पण गोलची जबाबदारी अंगावर घ्यायला शिकणं आणि स्वार्थी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण मोठ्यांनी पोरांना समजावून द्यायला हवं. पास देणारा चांगला आणि मारणारा आगाऊ, ही शिकवण घरातून आणि शाळेतून एवढी मुरलेली आहे, की तिची दुसरी बाजू पोरांना एका चित्रकथेतून कळते आहे. त्यासाठी मी त्या कथेचे आभारच मानतो.

महाराष्ट्र सरकारने 13 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ‘महादेवा’ हा फुटबॉल उपक्रम हाती घेतला आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो आणि त्यात तीन गोष्टी घालाव्यात अशी विनंती करतो. पहिली, निवडीचे निकष छापून जाहीर करा आणि वगळलेल्या प्रत्येक मुलाला त्याचे आकडे लेखी द्या. दुसरी, राज्यातल्या निवृत्त स्ट्रायकरना पगार देऊन नेमा, आणि काम फक्त एक द्या, फॉरवर्ड घडवणं. गोलकीपरला वेगळा प्रशिक्षक असतो हे सगळ्यांना पटतं, मग गोल मारणाऱ्याला का नसावा? तिसरी, नेमणूक किमान तीन वर्षांची करा, आणि त्या माणसाने पोरांबरोबर मैदानात उतरून खेळलंच पाहिजे अशी अट घाला. आमच्या तालीम मंडळांनीही परदेशी खेळाडूशी बोलणी करताना शिकवण्याचे तास करारात लिहून घ्यावेत. पैसे तर आपण आजही देतोच.

कामामोतो जपानला एकदाच मिळाला होता, आपला छेत्री अजून आपल्यात आहे. ज्या माणसाने एवढे गोल मारले त्याला समारंभात बोलवून शाल देणं पुरेसं नाही. त्याला वर्षभर वीस पोरं द्या आणि सांगा, यातल्या एकाने तुझा विक्रम मोडला पाहिजे. तो हो म्हणेल, असा मला विश्वास आहे. त्याची व्यवस्था करणं हे फुटबॉल चालवणाऱ्यांचं काम आहे, आणि ते त्यांनी पुढच्या हंगामाआधी करावं.